इंदुरीची गढी आणि इंद्रायणी

मराठी वाचकाला इंद्रायणी भेटते ती बहुधा संतचरित्रांतून. तुकोबांच्या वह्या पोटात घेणारी आणि परत देणारी ही नदी प्रतीक म्हणून आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला खडक, पूर आणि काठ आहेत याचा विसर पडावा. देहूजवळचे इंदुरी हा विसर घालवते.

लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून इंद्रायणी पूर्वेकडे वाहते आणि तुळापूरला भीमेस मिळते. घाटमाथ्यावरचा धुवाधार पाऊस इंदुरीपर्यंत बराच ओसरतो आणि खोरे रुंदावते. या नदीचे नाव भातालाही मिळाले आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून झालेले 'इंद्रायणी' वाण १९८७ साली प्रसारित झाले.

लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे मावळातले दुर्ग उंचीच्या बळावर उभे आहेत. सेनापती खंडेराव दाभाड्यांची इंदुरीची गढी मात्र सपाटीवर, नदीला पाठीशी घेऊन उभी आहे. हा फरक केवळ स्थापत्याचा नव्हे. खंडेरावांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. मराठी सत्तेला आता डोंगराच्या आसऱ्यापेक्षा गुजरातेकडे दौडणाऱ्या घोडदळाची निकड होती. घोडदळाला वैरण, पाणी आणि मोकळी वाट लागते. गढीची जागा आम्हाला या बदलाची खूण वाटते. पुढे १७३१ मध्ये खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना पडले. उमाबाईंनी घराण्याचा कारभार सावरला. पण १७५१ नंतर गुजरातेतले वर्चस्व दाभाड्यांचेच एके काळचे सरदार असलेल्या गायकवाडांकडे गेले. गढीत आज कडजाईचे देऊळ आहे, तटबंदी पडझडीला आली आहे.

गढीपासून जवळच कुंडमळा आहे. पुराच्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी तिथल्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. हे काम हजारो वर्षांचे. त्यापुढे गढीची तीन शतके थोडीच. याच ठिकाणी १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. नदी पाहायला आलेल्या गर्दीचा भार त्या पुलाला पेलला नाही.

इंद्रायणीला केवळ पावन म्हणून वंदन करणे सोपे आहे. तिचा वेग, तिचा खडक आणि तिच्या काठावरची सत्तांतरे समजून घेणे अधिक कष्टाचे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने ते कष्ट टाळले, तर अभंगातली नदीही त्याला अर्धीच कळेल.