वार पडलीच नाही : लंडन, १७९७

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, आजचा विषय वारेचा आहे.

सिनेमात मूल रडलं की बाळंतपण संपतं. खरं तर त्यानंतर वार बाहेर पडायची असते. ती अडकली तर गर्भाशय नीट आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. तुकडा जरी आत राहिला तरी रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

मेरी वुलस्टनक्राफ्ट. १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहून जिने इंग्लंडमध्ये खळबळ उडवली, तीच. ३० ऑगस्ट १७९७ ला पहाटे तिला कळा सुरू झाल्या. तिला डॉक्टर नको, सुईणच हवी होती. पहिल्या मुलीच्या वेळी सगळं सुरळीत झालेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जेवायला खाली यायचं असा तिचा बेत होता!

पुढचं सगळं तिचा नवरा विल्यम गॉडविन याने वेळेसकट लिहून ठेवलंय. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस, मला हे एखाद्या इन्सिडेंट रिपोर्टसारखं वाटलं. रात्री ११:२० ला मुलगी झाली. दोन वाजून गेले तरी वार पडली नव्हती आणि सुईणीची हात घालायची हिंमत होईना. गॉडविन डॉक्टर पॉइग्नँडना आणायला धावला. त्यांनी वार हाताने, तुकड्या-तुकड्यांनी काढली. भूल नाही, हातमोजे नाहीत. सकाळी आठपर्यंत रक्त जात होतं आणि मेरीला पुन्हा पुन्हा मूर्च्छा येत होती.

सगळी वार निघाली असं डॉक्टरांना वाटलं. गॉडविनच्या मते तसं नव्हतं. रविवारी मेरीला इतकी हुडहुडी भरली की पलंग हलायला लागला. बाळाला अंगावर पाजू नका म्हणाले, आणि दूध उतरवायला चक्क कुत्र्याची पिल्लं आणली. १० सप्टेंबरला सकाळी ती गेली. वय ३८.

पॉइग्नँडना व्हिलन ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. रक्त वाहत असताना वार काढणं भागच होतं. आतल्या तुकड्याने घात केला की हातावरच्या जंतूंनी, हे आज कोण सांगणार? चुटपुट वेगळीच लागते. १७९५ मध्येच अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने छापून सांगितलं होतं की बाळंतज्वर सुईणी आणि डॉक्टरच एकीकडून दुसरीकडे नेतात, तेव्हा अंग धुवा, कपडे धुरी देऊन शुद्ध करा. त्याने स्वतःलाही त्यात धरलं होतं. गावाला ते झोंबलं. व्हिएन्नात झेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावले ते १८४७ मध्ये.

आज मूल झाल्या झाल्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. साधारण अर्ध्या तासात वार पडली नाही तर पुढची तयारी सुरू होते. हाताने काढावी लागली तर भूल, निर्जंतुक हातमोजे आणि अँटिबायोटिक. रक्तस्राव होत असेल तर घड्याळ बघत बसत नाहीत.

ती मुलगी मात्र जगली. १८१८ मध्ये छापून आलेलं 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेली ती हीच. आणि गॉडविन? त्याने १७९८ मध्ये बायकोचं चरित्र छापलं, त्यात हे बाळंतपणही. तिची प्रेमप्रकरणं त्याने उघड केली म्हणून लोक भयंकर चिडले. पण त्या रात्रीच्या वेळा आपल्याला कळतात त्या त्याच पुस्तकामुळे. डायरीत मात्र त्या रविवारी त्याने 'आठला वीस मिनिटं कमी' एवढंच लिहिलं, आणि पुढे नुसत्या रेघा ओढल्या.