डिग्री, कोच आणि रिलीव्हिंग लेटर

माझ्या पहिल्या कंपनीनं माझं ओरिजिनल डिग्री सर्टिफिकेट दोन वर्षं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. बॉण्ड! मुदतीआधी सोडलंत तर एक लाख भरा, नाहीतर सर्टिफिकेट विसरा. दोन वर्षं पूर्ण करून मी राजीनामा दिला, तरी रिलीव्हिंग लेटर हातात पडायला आणखी अडीच महिने गेले. नव्या कंपनीची एचआर रोज फोन करायची आणि जुन्या कंपनीची एचआर फोन उचलायची नाही. ज्यांनी हे भोगलंय, त्यांना आजच्या गोष्टीसाठी वेगळी प्रस्तावना नको.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची. म्हणजे तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावायचा प्रकार. नावात फुट असला तरी सगळा कारभार हातानं :)

२०११ मध्ये मी ऑनसाईट होतो, विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला. १ ऑक्टोबरच्या शनिवारी ऑफिसमधला एक सहकारी मला कॅम्प रँडल स्टेडियमवर घेऊन गेला. ऐंशी हजार माणसं, सगळी लाल कपड्यांत. समोर नेब्रास्काचा संघ. तिसरा क्वार्टर संपला की तिथे 'जंप अराउंड' हे गाणं लागतं आणि सगळं स्टेडियम एकदम उड्या मारतं. पायाखालचं काँक्रीट हलतं, खोटं नाही सांगत. विस्कॉन्सिननं ४८-१७ असा धुव्वा उडवला. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा सूत्रधार, उंचीनं बेताचाच होता, पण काय खेळत होता! सहकारी म्हणाला, "हा जूनमध्ये आला आणि हा सीझन संपला की जाणार."

"म्हणजे भाड्यानं आणलेला?" मी सहज विचारलं.

तो चक्क दुखावला. "नाही. तो ग्रॅज्युएट आहे."

मुलगा होता रसेल विल्सन. ग्रॅज्युएट असण्याचा आणि संघ बदलण्याचा संबंध काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर वाचत गेलो आणि वाटलं, अरे, ही तर आपलीच गोष्ट आहे.

आधी जुना कायदा समजून घेऊ. कॉलेजच्या खेळांचं नियंत्रण एनसीएए ही संस्था करते. तिचा वर्षानुवर्षांचा नियम असा की खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार सीझन खेळता येतात. एक वर्ष नुसता सराव करून हातचं राखून ठेवता येतं, त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. पण कॉलेज बदललंस तर नव्या जागी एक वर्ष बाकावर बसायचं. शिवाय जुन्या कॉलेजनं 'रिलीज' दिला नाही तर नव्या ठिकाणी स्कॉलरशिपही नाही. रिलीज म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रिलीव्हिंग लेटर!

आणि कोच? कोचला असलं काही नव्हतं. अर्बन मायर २००४ चा सीझन युटाला अपराजित ठेवून लगेच फ्लोरिडाला गेला. लेन किफिन टेनेसीत एक सीझन काढून जानेवारी २०१० मध्ये चालता झाला. ज्या मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांच्या हातचं जेवून "मी तुमच्या मुलाची काळजी घेईन" असं सांगितलं, ती मुलं तिथेच.

हा भेदभाव कशावर उभा होता? एका शब्दावर. 'स्टुडंट-अॅथलीट'. १९५५ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. एनसीएएचा तेव्हाचा प्रमुख वॉल्टर बायर्स. त्यानं निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये आलेल्या पुस्तकात मान्य केलं की हा शब्द घडवला गेला तोच खेळाडूंना कुणी नोकर ठरवू नये म्हणून. विद्यार्थी म्हटलं की पगार नाही, भरपाई नाही, आणि 'अभ्यासात खंड पडतो' म्हणून संघ बदलायचीही मोकळीक नाही.

आता यातली गंमत बघा. खेळाडू जर आधी विद्यार्थी असेल, तर ज्यानं डिग्री घेतली त्याला अडवायचं कोणत्या तोंडानं? त्याचा सौदा पुरा झाला की! हाच युक्तिवाद एप्रिल २००६ मध्ये एनसीएएनं मान्य केला. पदवी मिळाली आहे आणि सीझन शिल्लक आहे? मग दुसरीकडे मास्टर्सला प्रवेश घे आणि त्याच वर्षी खेळ.

पहिला गाजलेला लाभार्थी रायन स्मिथ. युटाचा बचावपटू. पदवी हातात येताच तो गेला फ्लोरिडाला, म्हणजे थेट आपल्या जुन्या कोचकडे, अर्बन मायरकडे. ८ जानेवारी २००७ ला फ्लोरिडानं ओहायो स्टेटला ४१-१४ नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आणि त्याच जानेवारीत एनसीएएच्या सदस्य कॉलेजांनी मतदान करून तो नियमच रद्द केला. फुकटात एक हुशार, तयार खेळाडू शेजाऱ्याकडे जातो हे त्यांना दिसलं. पदवीचं कौतुक एका सीझनपुरतंच टिकलं.

पण एक फट राहिली. तुला जे मास्टर्स करायचंय ते तुझ्या कॉलेजात नसेल, तर सवलत मागता येईल. आता नियमात फट ठेवली की तिच्यातून काय काय जातं हे कोड लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. २०१० मध्ये ओरेगनचा क्वार्टरबॅक जेरेमाया मसोली शिस्तीच्या कारणावरून संघाबाहेर झाला. पदवी होती. त्यानं मिसिसिपी विद्यापीठात उद्यानं आणि मनोरंजन या विषयातल्या मास्टर्सला प्रवेश घेतला, जो ओरेगनमध्ये नव्हता. एनसीएएनं आधी नाही म्हटलं. ही सोय अभ्यासासाठी आहे, शिक्षा टाळण्यासाठी नव्हे. मग अपिलात होकार दिला. सगळे हसले. मीही वाचताना हसलो. पण नंतर वाटलं, हसण्यासारखं नेमकं काय होतं? मुलानं खोटं सांगितलं नव्हतं. व्यवस्थेनं सत्य बोलायची सोयच ठेवली नव्हती. "मला खेळायचंय" हे कारण फॉर्ममध्ये चालत नव्हतं, म्हणून "मला उद्यानं शिकायचीत" असं लिहावं लागलं. आपण राजीनाम्यात 'पर्सनल रीझन्स' लिहितो तसंच.

आता विल्सन. त्यानं नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधून तीन वर्षांत पदवी घेतली. बेसबॉलही खेळायचा. २०१० मध्ये कोलोरॅडो रॉकीजनं त्याला निवडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील गेले. २०११ च्या वसंतात तो बेसबॉलला गेला. कोच टॉम ओब्रायनला पूर्णवेळ हजर असलेला क्वार्टरबॅक हवा होता, आणि माईक ग्लेनन तयार होता. त्यानं विल्सनला रिलीज दिला. विल्सन विस्कॉन्सिनला आला, ३३ टचडाऊन पास फेकले, फक्त ४ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, बिग टेनचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये तो सिअॅटलकडून सुपर बोल जिंकला. माझ्या सहकाऱ्याला 'भाड्यानं' हा शब्द का लागला ते आत्ता कळतंय. त्याच्या दृष्टीनं तो मुलगा जुनं कर्ज फेडून आला होता.

पण रिलीज सगळ्यांनाच मिळत नव्हता. २०१६ चं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. अलाबामाचा मॉरिस स्मिथ. पदवी घेतली आणि जॉर्जियाला जायचं म्हणाला. कोच निक सेबननं अडवलं, कारण दोन्ही कॉलेजं एकाच कॉन्फरन्समधली. जॉर्जियाचा कोच कोण? कर्बी स्मार्ट. जो त्याच हिवाळ्यापर्यंत सेबनचाच सहायक होता! मोठा माणूस त्याच रस्त्यानं गेला, त्याला कुणी थांबवलं नाही. शेवटी ऑगस्टमध्ये कॉन्फरन्सच्या कमिशनरनं स्मिथला परवानगी दिली.

२०१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ऑक्टोबरात 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. खेळाडूनं कळवलं की कॉलेजनं दोन दिवसांत त्याचं नाव यादीत टाकायचं, परवानगीचा प्रश्न नाही. म्हणजे रिलीव्हिंग लेटरच बाद. दुसरी म्हणजे त्याच उन्हाळ्यात ओहायो स्टेटचा जो बरो तीन वर्षांत पदवी घेऊन लुईझियाना स्टेटला गेला, कारण इथे क्वार्टरबॅकची जागा दुसऱ्याला मिळणार हे दिसत होतं. ओहायो स्टेटचा कोच तेव्हा कोण होता? अर्बन मायर. २००६ मध्ये या दारातून ज्यानं कमावलं, त्यानं २०१८ मध्ये त्याच दारातून गमावलं. बरोनं २०१९ च्या सीझनमध्ये ६० टचडाऊन पास फेकले, हाइझमन ट्रॉफी घेतली आणि १३ जानेवारी २०२० ला क्लेमसनला ४२-२५ नं हरवून संघ अपराजित ठेवला.

मग बांधच फुटला. २०२१ मध्ये सगळ्यांना, पदवी असो वा नसो, एकदा न बसता बदली करायची मुभा. एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा. आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. डेनिसनच्या बायकोला 'हा धंदा नाही' असं सांगितल्याला तेव्हा अडुसष्ट वर्षं झाली होती.

आता म्हातारे चाहते म्हणतात, निष्ठा संपली. मला त्याचं फार दुःख नाही. निष्ठा एकतर्फी होती, ती संपली ते बरंच. मला वेगळीच गोष्ट खुपते. त्या बारा-पंधरा वर्षांत पदवी ही एक किल्ली होती. विल्सन, बरो यांच्यासारख्या मुलांना उन्हाळ्यात जादा वर्ग करून तीन वर्षांत पदवी घेण्याचं रोकडं कारण होतं. आता कुलूपच नाही, त्यामुळे किल्लीची गरज नाही. चार वर्षांत तीन कॉलेजं बदलणाऱ्या मुलाचे सगळे क्रेडिट्स सोबत येतातच असं नाही. यातले शंभरातले दोनसुद्धा एनएफएलमध्ये पोचत नाहीत. बाकीच्यांच्या हातात तेविसाव्या वर्षी काय उरतं?

म्हणून कुलूप परत लावा असं मी म्हणणार नाही. कोचला किल्ली लागत नव्हती, मग मुलालाच का? पण जाण्याचा हक्क जन्मतः असावा आणि पदवी तरीही घ्यावीशी वाटावी, अशी सोय कॉलेजांनी पैशांच्या करारात करायला हवी. संघ सोडल्यावरही शिक्षण पूर्ण करण्याचा खर्च ज्यानं वापरलं त्यानं द्यावा. कोचच्या कंत्राटात तो गेल्यावरचे पैसे लिहिलेले असतात, मग मुलाच्या कंत्राटात का नकोत?

असो. माझं ते सर्टिफिकेट शेवटी मिळालं. कोपऱ्यावर पंचिंग मशीनची दोन भोकं पाडून. ती भोकं बघितली की अजूनही डोकं फिरतं. सोमवारी आमच्या टीममधल्या एका मुलीचा नोटीस पीरियड संपतोय. तिचं लेटर मी शुक्रवारीच सही करून घेतलंय.