बॉट परत कधी येणार?

आजची गोष्ट माझ्याच एका फजितीपासून सुरू करतो. परीक्षेची तारीख मी सर्चच्या यादीतच वाचली, लिंक उघडलीच नाही. कॉलेजनं तारीख अलीकडे आणली होती, यादीत मात्र जुनीच. नशीब, मैत्रिणीचा फोन आला!

झालं काय होतं? आपण काही शोधतो तेव्हा सर्च इंजिन त्याच क्षणी सगळं इंटरनेट पालथं घालत नाही. त्याचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा बॉट, आधीच नोंद करून ठेवतो. ती शिळी, तर उत्तरही शिळं. मग बॉटनं कुठल्या पानावर परत कधी जायचं?

1993 साली एमआयटीच्या मॅथ्यू ग्रेनं वेब किती वाढतंय हे मोजायला ‘वाँडरर’ नावाचा बॉट सोडला. तो एकाच पानावर दिवसातून शेकडो वेळा जायचा आणि सर्व्हर मंदावायचे. पुढच्याच वर्षी मार्टाइन कोस्टर यांनी बॉटसाठी दारावरची पाटी सुचवली: रोबॉट्स डॉट टीएक्सटी. म्हणजे, सारखं सारखं जाणंही बरं नव्हे.

मग 1999 मध्ये स्टॅनफर्डच्या जुंघू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी 270 साइट्सवरची 7 लाख 20 हजार पानं चार महिने रोज तपासली. डॉट कॉमवरची 40 टक्क्यांहून जास्त पानं रोज बदलत होती. सरकारी आणि शैक्षणिक साइट्सवरची निम्म्याहून जास्त पानं मात्र चार महिन्यांत हललीसुद्धा नाहीत.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, जे जास्त बदलतं तिथं जास्त जा. पण त्यांचं गणित उलटं निघालं! समजा, एक पान दर मिनिटाला बदलतं आणि दुसरं दिवसातून एकदा. फेरी एकच शिल्लक आहे. पहिल्यावर गेलात, तर मिनिटभरात नोंद पुन्हा शिळी. दुसऱ्यावर गेलात, तर ती कित्येक तास टिकू शकते. म्हणून फारच चंचल पानांमागे धावू नका, सगळ्यांकडे सारख्या अंतरानं गेलात तरी एकूण ताजेपणा जास्त मिळतो.

पण या हिशोबात प्रत्येक पानाची किंमत सारखी धरली होती. 11 सप्टेंबर 2001 ला लोक बातम्यांसाठी गूगलवर धावले. तेव्हा गूगलची मुख्य नोंद साधारण महिन्यातून एकदा ताजी व्हायची. शेवटी गूगलला पहिल्याच पानावर लिहावं लागलं, की ताज्या बातम्यांसाठी टीव्ही, रेडिओ लावा. पुढच्या वर्षी कृष्णा भरत यांचं गूगल न्यूज आलं. 2010 च्या ‘कॅफिन’ बदलानंतर मुख्य नोंदही टप्प्याटप्प्यानं न होता सतत ताजी होऊ लागली.

मला यातून एवढंच कळलं: पान किती वेळा बदलतं, हा अर्धाच प्रश्न. ते शिळं राहिलं तर कुणाचं किती नुकसान होतं, हा उरलेला अर्धा. आणि तो बॉटला आपोआप कळत नाही, कुणीतरी ठरवावा लागतो.

तोवर परीक्षेची तारीख मूळ पान उघडूनच बघा. भेटू पुढच्या भागात!