स्वस्त घरांचा मुलूख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा पुतण्या अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक शहरात नोकरी करतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मी महिनाभर त्याच्याकडे होतो. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. एका घराचा फोटो होता. लाकडी घर, पुढे पडवी, मागे लगेच डोंगर सुरू. खाली किंमत लिहिलेली. मला वाटलं, एखादं शून्य लिहायचं राहून गेलं असेल. "चाचा, माझ्या गाडीपेक्षा हे घर स्वस्त आहे," तो हसत म्हणाला. "तुमच्या प्रॉव्हिडंट फंडात सहज बसेल. घेऊन टाका."

ते घर शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं होतं. मॅकडॉवेल नावाच्या काउंटीतलं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखीच, पण बहुधा आकारानं लहान. अ‍ॅपलाचियन पर्वतरांगांच्या कुशीतली ही काउंटी म्हणजे अरुंद दऱ्या, दरीत नदी, नदीला लागून रेल्वे आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं. "कोळसा?" मी विचारलं. तो म्हणाला, "होय, पण तुम्हाला कसं कळलं?"

कळणारच. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. वडील घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होते. आम्ही खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. एकासारखी एक घरं, एकच रंग, दारावर नंबर. त्या फोटोतल्या घराला रंग निराळा होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी तशीच घरं अर्धवट दिसत होती. क्वार्टर मी कुठेही ओळखीन.

पुढच्या रविवारी आम्ही तिकडे गेलो. घर घ्यायला नव्हे. एवढं स्वस्त का, ते मला बघायचं होतं. जाण्याआधी चार दिवस पुतण्याच्या गावच्या वाचनालयात बसून जे वाचलं आणि परत आल्यावर जे वाचलं, त्यातलं थोडं सांगतो.

ही काउंटी १८५८ साली स्थापन झाली. तेव्हा ती व्हर्जिनियात होती. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं आणि ती तिकडे गेली. १८८० साली इथली लोकवस्ती जेमतेम तीन हजार. मक्याची थोडी शेती, डुकरं, शिकार, जंगल. पायाखाली जगातला उत्तम दर्जाचा कोळसा आहे याची इथल्या शेतकऱ्यांना थोडीफार कल्पना होती, पण तो न्यायचा कसा आणि विकायचा कुठे? ज्यांना ते ठाऊक होतं, ती माणसं फिलाडेल्फियात आणि न्यूयॉर्कात बसली होती. त्यांचे हस्तक दऱ्याखोऱ्यांतून फिरले आणि किरकोळ भावानं जमिनी, नाहीतर जमिनीखालच्या खनिजाचे हक्क विकत घेत गेले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनीची रेल्वे एल्कहॉर्न ओढ्याच्या दरीत पोहोचली. १९०१ साली या रेल्वे कंपनीनं काही लाख एकर कोळशाची जमीनच ताब्यात घेतली. खाणवाले तिचे कूळ झाले. म्हणजे पहिली खाण नीट चालू लागायच्या आतच इथली जमीन इथल्या माणसाची राहिली नव्हती. पुढचं सगळं इथून सुरू होतं, असं मला वाटतं.

मग माणसं आली. दक्षिणेतून काळे मजूर आले, तसे इटलीतून, हंगेरीतून, पोलंडमधून गोरे. १९१० साली वस्ती ४८ हजारांच्या घरात गेली. काळ्या माणसाला इथं मतदान करता येई, खाणीत गोऱ्याइतकी मजुरी मिळे. दक्षिणेच्या मानानं ही मोठी गोष्ट होती. पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांचं एक स्मारकभवन इथल्या किंबल गावात १९२८ साली उभं राहिलं. ते आजही आहे. आम्ही बाहेरून पाहिलं.

एवढ्या माणसांना राहायला जागा हवी. दरीत गाव नव्हतं, बाजार नव्हता, घर बांधायला विकत मिळेल अशी जमीन नव्हती. तेव्हा कंपन्यांनीच घरं बांधली. युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीनं १९०२ पासून गॅरी नावाची वसाहत वसवली. गॅरी हे कंपनीच्या अध्यक्षांचं आडनाव. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. चर्चला जागाही कंपनीचीच. घरभाडं, डॉक्टरची फी, दिव्याचं आणि सुरुंगाच्या दारूचं भाडं-खर्च पगारातून परस्पर कापला जाई. उरलेली मजुरी अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत मिळे. पितळेची ही नाणी कंपनीच्या दुकानातच चालत. बाहेर ती मोडायला गेलं तर तोटा ठरलेला.

भाडं मात्र खरोखर कमी होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण या वसाहतींबद्दल बोलताना सगळंच काळं रंगवायची सवय आहे. काही वसाहतींत शाळा चांगल्या होत्या, बेसबॉलचे संघ होते, संध्याकाळी पडव्यांवर गप्पा होत्या. आमच्या क्वार्टरमध्येही पाणी आणि वीज होती. गावातल्या नातेवाइकांना आमचा हेवा वाटे. प्रश्न भाड्याचा नव्हताच. न्यायालयांनी खाणकामगार आणि कंपनी यांच्यातलं नातं घरमालक-भाडेकरूचं मानलं नाही. ते धनी आणि चाकराचं मानलं. भाडेकरूला नोटीस द्यावी लागते, चाकराला नाही. नोकरी गेली की घर गेलं, त्याच दिवशी. युनियनचं नुसतं नाव काढलं तरी.

शेजारच्या मिंगो काउंटीत मेटवन गावी १९ मे १९२० रोजी हेच झालं. युनियनमध्ये गेलेल्या कामगारांची बिऱ्हाडं बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसांनी रस्त्यावर काढली. संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत असताना त्यांची गावच्या पोलीसप्रमुखाशी, सिड हॅटफील्डशी बाचाबाची झाली आणि गोळ्या सुटल्या. दहा माणसं मेली. त्यांत सात हेर होते, मेयर होता, दोन कामगार होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खटल्यासाठी हॅटफील्डला मॅकडॉवेलच्या मुख्य गावी, वेल्चला यावं लागलं. १ ऑगस्ट १९२१. तो आणि त्याचा मित्र एड चेंबर्स आपापल्या बायकांसह, हत्याराशिवाय, न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. वर उभ्या असलेल्या हेरांनी दोघांना तिथंच गोळ्या घातल्या. या बातमीनं पेटून त्या महिन्याच्या अखेरीस हजारो खाणकामगार बंदुका घेऊन लोगन काउंटीतल्या ब्लेअर डोंगरावर चालून गेले. सरकारला सैन्य पाठवावं लागलं.

त्या पायऱ्या मी चढलो. दगडी आहेत, चढ चांगलाच आहे. खाली एल्कहॉर्न ओढा टग फोर्क नदीला मिळतो आणि दोन्हींच्या मध्ये वेल्च गाव दाटीनं बसलंय. रविवार होता म्हणावं, तरी गाव एवढं गप्प नसतं. उंच विटांच्या इमारती, खिडक्यांना फळ्या. १९४१ साली या गावानं गाड्या ठेवायला बहुमजली इमारत बांधली होती. नगरपालिकेच्या मालकीची देशातली ती पहिली, असं सांगतात. एवढी गर्दी होती तेव्हा.

युनियन १९३३ नंतर आली आणि टिकली. मजुरी वाढली. जिवाची किंमत तेवढी वाढली नाही. याच काउंटीत बार्टली इथं १० जानेवारी १९४० रोजी खाणीत स्फोट होऊन ९१ माणसं मेली. १९५० साली लोकवस्ती ९८,८८७ झाली. हा शिखराचा आकडा. त्याच वर्षी युनियनचे नेते जॉन एल. लुईस यांनी मालकांशी करार केला. यंत्रांना विरोध नाही, बदल्यात मजुरी चांगली आणि कामगारांच्या औषधपाण्यासाठी, पेन्शनसाठी निधी. ज्यांची नोकरी राहिली त्यांचं भलं झालं. पण कोळसा कातरून पट्ट्यावर टाकणारं एक यंत्र कित्येकांचं काम करू लागलं. दहा वर्षांत काउंटीतली २७ हजार माणसं कमी झाली.

आणि याच काळात कंपन्यांनी घरं विकायला काढली. इथं मी वाचताना थांबलो. घर आता कामगाराचं झालं! आनंदच व्हायला हवा. पण कंपनीनं घर विकलं ते ती दुरुस्ती टाळण्यासाठी. नोकरी जात होती आणि घर गळ्यात येत होतं. डोंगराची जमीन विकली नाही. जमिनीखालचा कोळसा विकला नाही. पाण्याचे नळ कंपनीनं आपल्या वसाहतीपुरते टाकलेले, ते पुढे कोण सांभाळणार हे कुणी ठरवलं नाही. पुढे १९८१ साली सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांमध्ये जमीन कुणाची आहे याची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. गावोगावच्या लोकांनी कचेऱ्यांतली दप्तरं चाळून ती केली होती. तपासलेल्या जमिनीचा मोठा भाग बाहेरच्या मालकांचा निघाला आणि तिच्यावरचा कर अगदीच किरकोळ. कर नाही तर रस्ते कशातून, शाळा कशातून?

१९६० च्या प्रचारात जॉन केनेडी या भागात फिरले आणि इथली भूक पाहून गेले. अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांतच, २९ मे १९६१ रोजी, त्यांच्या सरकारच्या योजनेतली पहिली फूड स्टॅम्प इथं वेल्चमध्ये दिली गेली. पेनेसव्हिल गावचा एक बेकार खाणकामगार बायकोला घेऊन आला. घरात पंधरा तोंडं. त्यांना ९५ डॉलरची कुपनं मिळाली. आपल्याकडच्या रेशनच्या दुकानाची आठवण व्हावी, असंच ते चित्र. फरक एवढाच की दहा वर्षांपूर्वी हीच काउंटी अमेरिकेच्या पोलादभट्ट्या पेटत ठेवत होती.

गॅरीच्या खाणी १९८६ साली बंद झाल्या. पुढचं भराभर सांगतो. २००१ आणि २००२ असे लागोपाठ दोन महापूर. २००५ साली किंबलजवळ वॉलमार्टचं मोठं दुकान आलं, तेव्हा लोकांना गाव सावरेल असं वाटलं. जानेवारी २०१६ मध्ये तेही बंद झालं. ताजी भाजी आणायला तासभर गाडी हाकणं आलं. होमर हिकम हा कोलवुडच्या खाण-अधिकाऱ्याचा मुलगा. तो लहानपणी गावात अग्निबाण उडवायचा आणि पुढे नासात अभियंता झाला. त्याच्या 'रॉकेट बॉइज'वर १९९९ मध्ये सिनेमा निघाला. कोलवुड याच काउंटीत आहे. जगाला मॅकडॉवेल माहीत आहे ती गाव सोडून गेलेल्या मुलामुळे. २०२० च्या शिरगणतीत इथं १९,१११ माणसं उरली होती.

तर, स्वस्ताई. राहायला स्वस्त ठिकाणांच्या याद्या तिकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. त्यांत घराच्या किमतीला मोठं वजन. त्या हिशेबानं मॅकडॉवेल फार वर यायला हवी. घरं देशातल्या सर्वांत स्वस्त घरांपैकी. पण तिथं शाळांना शिक्षक मिळत नव्हते आणि एक कारण असं की त्यांना राहण्याजोगं भाड्याचं घर मिळेना! रिकामी घरं शेकड्यांनी आणि राहायला जागा नाही. शेवटी शिक्षक संघटनेच्या पुढाकारानं २०११ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून वेल्चमध्ये शिक्षकांसाठी नवी इमारत बांधावी लागली. आणखी एक आकडा सांगतो. २०१० च्या सुमाराच्या पाहणीप्रमाणे मॅकडॉवेलमध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षं होतं. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीत ते ८२. दोन्ही ठिकाणांत मोटारीनं एका दिवसाचं अंतर. अठरा वर्षांचा फरक कुठल्या यादीत धरायचा?

परतताना रस्त्याच्या कडेला डोंगरातून आलेल्या एका पाइपाखाली एक म्हातारा प्लास्टिकचे कॅन भरत होता. आम्ही थांबलो. घरी नळ आहे, त्यानं सांगितलं, पण ते पाणी तो प्यायला वापरत नाही. जवळच्या कीस्टोन गावात २०१० नंतर सुमारे दहा वर्षं पाणी उकळून प्यायची सूचना लागू होती. नळ जुन्या कंपनीच्या काळातले. त्याचं घरही कंपनीचंच होतं, वडिलांनी विकत घेतलेलं. तोही खाणीत होता. बोलताना दोन वाक्यांनी थांबून श्वास घेत होता. हा दम मी ओळखतो. माझे वडील जिना चढताना असेच थांबायचे. मी त्याला माझ्या वडिलांचं सांगितलं. त्यांनी घर विकत घेतलं का, त्यानं विचारलं. नाही म्हटलं, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. सोडताना आईनं भिंतीतले खिळेसुद्धा काढून घेतले होते. तो हसला. मग म्हणाला, त्याची मुलं नॉर्थ कॅरोलिनाला असतात, चल म्हणतात, पण हे घर विकून येणाऱ्या पैशात तिकडे गॅरेजसुद्धा मिळायचं नाही. जाऊन राहायचं कुठे? शिवाय डोंगर सोडवत नाही, हेही तो म्हणाला. ते मला आधीच्या कारणाइतकंच खरं वाटलं. ऑक्टोबरातले ते डोंगर पाहिलेल्या माणसाला ते पटेल.

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी मॅकडॉवेलमध्ये पुन्हा महापूर आला. माणसं दगावली, वेल्चमध्ये पाणी शिरलं, अनेकांचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. मी पुतण्याला फोन केला आणि त्या पडवीवाल्या घराचं काय झालं ते बघायला सांगितलं. त्यानं मोबाइलवर शोधलं. यादीत ते आता नव्हतं. विकलं गेलं की वाहून गेलं, त्याला सांगता येईना.