डॉलरच्या चिन्हाची कुळकथा

संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहत तिष्ठणारे ते इवलेसे चिन्ह, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. एका रात्री मी त्याच्यापायी फसलो. समोर दोन खिडक्या, दोन यंत्रे, आणि दोहींकडे तेच डॉलरचे चिन्ह! सरावाचे यंत्र समजून कामाच्या यंत्रावरच्या फायली मी पुसून टाकल्या. चूक माझीच, पण तेव्हापासून या चिन्हाचे कूळ शोधण्याचा नाद लागला.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत चिन्ह होते टक्क्याचे. यंत्र एकच, 'मी कोठे आहे?' हा प्रश्न पडायचा कोणाला? सर्वाधिकाऱ्यापुढे मात्र निराळे चिन्ह, दोन उभ्या नि दोन आडव्या रेघांचे. सारे पुसण्याची सत्ता त्याची ना! विजेच्या खांबावर कवटी रंगवतात, त्यातलाच हा प्रकार.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने डॉलर आणला, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 'पीएस१' नावाचे चल. त्यात हवा तो मजकूर भरावा, तोच प्रॉम्प्ट! ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९ चा. त्यात उलट्या तिरक्या रेघेपुढे 'यू' लिहिले की वापरणाऱ्याचे नाव, 'एच' लिहिले की यंत्राचे, 'डब्ल्यू' लिहिले की चालू डिरेक्टरी. आणि हे सारे दर वेळी ताजे.

माझ्या कामाच्या यंत्राचा प्रॉम्प्ट आता लालभडक आहे, पुढे यंत्राचे नावही. सहकारी हसतात. हसोत बापडे!