डोलीत कोण?

घरी आलेला पाहुणा “चहा नको” म्हणाला आणि आपण खरेच चहा टाकला नाही, तर फार तर चार घरी चर्चा होते. शब्दाचा सरळ अर्थ घेण्याची एवढीच किंमत असती तर काय हवे होते! आमच्या खानदेशात त्यापायी अख्खा किल्ला गेला आहे.

किल्ला अशीरगड. आज तो मध्य प्रदेशात मोडतो, बऱ्हाणपूरच्या पलीकडे. पण जुन्या खानदेशाचे ते नाक. फिरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो, की गडाचा धनी आसा अहीर हजारो गाईम्हशी बाळगून होता आणि दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांना मोकळी केली. अशा माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, नुसती गरज सांगावी लागते.

१३९९ साली गादीवर आलेल्या नासिरखान फारुकीने, धुळ्याजवळच्या लळिंगहून, नेमके तेच केले. “शेजारचे राजे उठलेत, बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्या.” आसा म्हणाला, “या!” पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका उतरल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. आसा मुलांना घेऊन स्वागताला सामोरा गेला, पडदे सरले आणि आतून मिशा बाहेर आल्या. इथवर हसू येते. पुढे बाप आणि मुले, सगळेच कापले गेले.

आसाला बावळट म्हणणे सोपे आहे. पण डोलीत बाईमाणूस आहे म्हटल्यावर पडदा उचलून पाहायचे नसते, एवढेच तो जाणत होता. नासिरखानाने त्याच्या मूर्खपणाचा नव्हे, सभ्यतेचा फायदा घेतला.

गंमत पुढेच आहे. या घराण्याला तरी दुसऱ्याच्या शब्दाची किंमत ठाऊक असावी ना? १६०० साली अकबराचा वेढा पडला असताना बहादूरखान फारुकी बोलणी करायला गड उतरला. जेझुइट पाद्री लिहितात, की परत जाऊ देण्याची शपथ अकबराने स्वतःच्या मस्तकाची घेतली होती. दरबारी इतिहासकार वेगळे सांगतात. बहादूरखान मात्र गडावर परतला नाही. त्याची रवानगी ग्वाल्हेरला झाली.

आता आपले पाहा. फिरिश्त्याने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. १५३८ साली शेरशहाने बिहारचा रोहतासगड घेतला, त्याचीही हीच डोल्यांची गोष्ट सांगतात. तेव्हा त्या दोनशे डोल्या मोजल्या कुणी, असे न विचारता माना डोलावणारे आपण सारे आसाचेच भाऊबंद!

पण खानदेश अगदीच भोळा नाही बरे का. गड घेतल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाला ‘दानदेश’ म्हणायचे फर्मावले. तेवढे मात्र इथल्या माणसांनी मनावर घेतले नाही.