शब्दांचे व्रत : मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण

श्रोतेहो, आज सुरुवातीलाच एक छोटा प्रयोग करू. उजव्या हाताचे एक बोट आपल्या खालच्या ओठावर हलकेच ठेवा आणि म्हणा : गाय, दगड, नदी, चंद्र. दोन्ही ओठ कुठेही मिटले नाहीत. आता म्हणा : भाकर, पाणी, माती, बाप. प्रत्येक शब्दाला ओठ मिटले. प, फ, ब, भ आणि म ही पाच व्यंजने ओठ मिटल्याशिवाय उमटतच नाहीत. म्हणून व्याकरणात त्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात. उ आणि ओ हे स्वर व व हे अक्षरही ओठांशी नाते सांगणारीच. परंतु खरी अडचण या पाच व्यंजनांची.

आता अशी कल्पना करा की, एखाद्या कवीने ठरविले, ही अक्षरे आपण वापरायचीच नाहीत आणि तरीही कथा सांगायची. कोणती कथा? तर रामाची! ज्याच्या नावातच 'म' आहे, त्याची. भरत गेला, लक्ष्मण गेला, हनुमान गेला, बिभीषण गेला, कुंभकर्णही गेला. सारे रामायण सांगावयाचे, आणि 'राम' हा शब्द एकदाही तोंडातून काढावयाचा नाही. हे अवघड काम मराठीत एका कवीने खरोखरच केले. त्या काव्याचे नाव निरोष्ठ रामायण, आणि कवीचे नाव मोरोपंत.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १७२९ सालचा, पन्हाळगडावरचा. तेथेच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे बारामतीस बाबूजी नाईकांचा आश्रय मिळाला आणि उरलेले आयुष्य तेथेच गेले. १७९४ साली बारामतीसच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्यांत उतरविले. आर्या म्हणजे मात्रांचे वृत्त. तिच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा येतात. शेवटच्या चरणातही १८ मात्रा आल्या की तिला गीति म्हणतात, आणि पंतांच्या बहुतेक 'आर्या' खरे पाहता गीतीच आहेत.

याच पंतांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतली सगळी आज उपलब्ध नाहीत. १०८ हा आकडा कुठला, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जपमाळेचे मणी तितकेच असतात. एकेक रामायण म्हणजे एकेक मणी. पण कथा एकच. मग ती शंभरावर वेळा सांगायची कशी? पंतांनी प्रत्येक वेळी नवा नेम धरला. कधी वृत्त बदलले, कधी अक्षरांचा निर्बंध घातला. एका रामायणात तेरा अक्षरांच्या राममंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली. त्याला मंत्ररामायण म्हणतात. म्हणजे पाहा, एका काव्यात रामनामाचे प्रत्येक अक्षर आलेच पाहिजे, आणि दुसऱ्यात ते नाव येताच कामा नये!

ही कल्पना पंतांची स्वतःची नव्हे. संस्कृतात ती फार जुनी आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकीकत सांगतो, ती सारी ओष्ठ्य वर्ण टाळून. कारण त्याच्या ओठाला जखम झालेली असते. भारवीच्या 'किरातार्जुनीय' काव्यात तर एक श्लोक जवळजवळ केवळ 'न' या एकाच व्यंजनावर उभा आहे. मात्र असल्या रचनेविषयी शास्त्रकारांचे मत फारसे अनुकूल नव्हते. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने अशा चित्रकाव्याला काव्याची नक्कल म्हटले. मम्मटानेही त्याला खालच्या पायरीवर बसविले. मराठीतही पंतांवर हाच आरोप झाला : हे पांडित्य आहे, कसरत आहे, यात हृदय कुठे? उलट १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पंतांची बाजू हिरिरीने मांडली. हा वाद पुढेही चालूच राहिला.

आता आपण काय समजावे? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा आपल्या घरात लवकर सापडेल. चातुर्मासात घरची बाई कांदा, लसूण, वांगे सोडते. तिच्यावर कुणी सक्ती केलेली नसते. पण एक पदार्थ सोडला, की उरलेल्या पदार्थांकडे ती नव्या नजरेने पाहू लागते, आणि चार महिने घरात वेगळीच चव येते. व्रत म्हणजे हेच. जे सोडले त्याचे स्मरण रोज राहते, आणि जे उरले त्याची किंमत कळते. पंतांचे निरोष्ठ रामायण हे शब्दांचे व्रत आहे. ज्याला रामनाम प्राणाहून प्रिय, त्यानेच ते मुखातून न काढण्याचा नेम धरला! अशा माणसाला प्रत्येक ओळीत त्या नावाची आठवण किती वेळा झाली असेल?

याचा पडताळा मी एकदा वर्गात घेतला. मुलांना म्हटले, "ओठ न मिटता रामायणातले एकेक वाक्य लिहा पाहू." पहिली पाच मिनिटे नुसती कुरकुर झाली. "सर, 'राम'च नाही तर लिहायचे काय?" मग एका खेड्यातून आलेल्या मुलाने लिहिले : "दशरथाचा लाडका रानात निघाला." त्याला 'राम वनवासाला गेला' असे लिहायचे होते. 'राम' चालेना म्हणून तो बापाकडे वळला. 'वनवास' सोपा वाटेना म्हणून रोजच्या बोलण्यातले 'रान' आले. वाक्य वाचले आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. नेहमीचे वाक्य आपण इतके वेळा ऐकले आहे की त्यातले दुःख आपल्याला जाणवेनासे झाले आहे. नाव काढून घेतले, तेव्हा मागे उभा असलेला म्हातारा बाप दिसला. त्या मुलाने कविता केली असे मी म्हणत नाही. पण नियमाने त्याला सवयीचा रस्ता बंद केला आणि दुसरा शोधायला लावला, एवढे खरे.

अर्थात व्रताचे अवडंबरही होते. उपास मोडू नये म्हणून राबणारा वेगळा, आणि उपास केल्याचे गावभर सांगणारा वेगळा. पंतांच्या काव्यातही काही जागी नेम सांभाळताना कथा अवघडते, शब्द ओढूनताणून येतात, हे कबूल केले पाहिजे. तथापि त्यांचीच 'केकावली' वाचा. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर हा मोरोपंतांच्या नावातलाच. त्या काव्यात अक्षरे गाळण्याची कसरत नाही. बहुतेक रचना सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्तात आहे, आणि देवापुढे केलेली ती आर्त विनवणी आहे. एवढे अवघड वृत्त, पण तेथे शब्द पाण्यासारखे येतात. ज्या हाताने अनेक नेम पाळले, त्या हाताला ही सहजता लाभली, असे मला तरी वाटते. सोलापूरच्या राम जोशांसारख्या लावणीकाराने याच पंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. नुसती कसरत असती, तर ती लोकांच्या कानांत टिकली असती काय?

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. कविता शिकविताना मुलांकडून आधीच गणांची घोकंपट्टी करून घेऊ नका. एक लहानसा नेम द्या. ओठ न मिटता आपल्या गावाचे वर्णन करा म्हणावे. किंवा 'आहे' हा शब्द न वापरता पावसावर चार ओळी लिहा म्हणावे. आणि नेम घालताना एवढे पाहा, की तो मुलाने आपण होऊन पत्करला पाहिजे. लादलेला उपास म्हणजे उपासमार. स्वतः धरलेला, तरच ते व्रत.